उच्चारांचे कोशकार : डॅनियल जोन्स

खानदेश हा कापसाचा मुलूख. जळगाव काय आणि धुळे काय, ‘मिल’ आणि ‘जिन’ हे दोन शब्द येथे लहान मुलालाही ठाऊक असतात. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. ‘मिल’ हा शब्द आपण ऱ्हस्व लिहितो. पण कान देऊन ऐकले तर बहुतेक जण ‘मील’ असेच म्हणतात. इंग्रजीत ‘मिल’ म्हणजे गिरणी आणि ‘मील’ म्हणजे जेवण. ‘जिन’ म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारे यंत्र आणि ‘जीन’ म्हणजे आईबापांचे गुण मुलात उतरवणारा घटक. आपल्या बोलण्यात ही जोडपी एकमेकांत सहज मिसळून जातात आणि कोणाचे काही अडतही नाही. अडते ते पुढे, नोकरीच्या मुलाखतीत किंवा परक्या माणसाशी इंग्रजीत बोलताना. मग आमच्या शिरपूर-साक्रीकडच्या आणि चोपडा-यावलकडच्या मुलामुलींना वाटू लागते की आपल्यातच काही उणे आहे.

मी इंग्रजी शिकवतो. वर्गात तोंड उघडायला कचरणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यातले कित्येक लिहिण्यात हुशार असतात. वाचायला उभे केले की मात्र मान खाली घालतात. अशा विद्यार्थ्यांना मी नेहमी एका माणसाची गोष्ट सांगतो. ऱ्हस्व कोणते आणि दीर्घ कोणते, ते कानाने कसे ओळखावे आणि तोंडाने कसे काढावे, या प्रश्नासाठी त्या माणसाने जवळजवळ सारे आयुष्य दिले. त्यांचे नाव डॅनियल जोन्स. कलकत्त्याला १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स ते हे नव्हेत. डॅनियल जोन्स त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी झाले.

डॅनियल जोन्स यांचा जन्म १२ सप्टेंबर १८८१ रोजी लंडन येथे झाला. वडील बॅरिस्टर होते. मुलानेही तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा होती. शिक्षण चांगल्या शाळांतून झाले आणि पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी गणित हा विषय घेतला. १९०३ साली ते पदवीधर झाले, १९०७ साली बॅरिस्टरही झाले. परंतु वकिलीचा झगा घालून ते न्यायालयात कधी उभे राहिले नाहीत. त्यांचे मन तोवर दुसरीकडे जडले होते.

त्याचे असे झाले. १९०० साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते जर्मनीतील मारबुर्ग या गावी गेले होते. तेथे विल्यम टिली नावाचे गृहस्थ भाषा शिकवण्याची एक संस्था चालवीत. टिली यांची शिस्त कडक होती. परकी भाषा शिकायची तर आधी तिचे ध्वनी अचूक आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. जोन्स यांना ध्वनिविचाराची पहिली गोडी तेथे लागली. पुढे १९०५-०६ मध्ये ते पॅरिसला पॉल पासी यांच्याकडे शिकले. पासी यांनी १८८६ साली भाषाशिक्षकांची एक संघटना उभी केली होती. तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघ म्हणून प्रसिद्धीस आली. जगातील कोणत्याही भाषेतील कोणताही ध्वनी लिहिता यावा अशी एकच लिपी असावी, हे त्या संघाचे ध्येय होते. पासी यांनी आपल्या या विद्यार्थ्याला विद्या तर दिलीच, पण पुढे नातेही जुळले. १९११ साली जोन्स यांनी पासी यांची भाची सिरील मॉत हिच्याशी विवाह केला.

१९०७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जोन्स यांना थोड्या तासांची व्याख्यात्याची जागा मिळाली. विषय नवा, विद्यार्थी मोजके. पण पाचच वर्षांत तेथे ध्वनिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि १९२१ साली ते प्राध्यापक झाले. इंग्लंडात या विषयाचे प्राध्यापकपद प्रथम निर्माण झाले ते त्यांच्यासाठी. १९४९ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विभाग सांभाळला. बंगालचे प्रख्यात भाषापंडित सुनीतिकुमार चतर्जी हे १९१९ ते १९२१ या काळात लंडनला होते, तेव्हा त्यांनी ध्वनिविज्ञानाचे पाठ जोन्स यांच्याकडेच घेतले.

त्यांची शिकवण्याची रीत आपल्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी होती. आपण उच्चार शिकवतो ते तोंडापासून : मी म्हणतो तसे म्हणा, चुकले, पुन्हा म्हणा. जोन्स यांचा भर आधी कानावर असे. ते वर्गात निरर्थक शब्द उच्चारीत आणि विद्यार्थ्यांनी ते ध्वनिलिपीत उतरवून घ्यायचे. निरर्थक अशासाठी, की अर्थ कळला म्हणजे कान आळशी होतो. काय म्हटले आहे हे न ऐकता काय म्हटले असावे ते तो ठरवून टाकतो. ज्याला दोन ध्वनींतला फरक ऐकूच येत नाही, त्याच्या तोंडून तो येणार कसा? आपल्या वर्गात ‘शिप’ आणि ‘शीप’ पन्नास वेळा म्हणवून घेण्यापेक्षा, डोळे मिटून, मी जहाज म्हटले की मेंढी म्हटली ते सांगा, असा खेळ पंधरा मिनिटे खेळला तर अधिक उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

जोन्स केवळ इंग्रजीचे अभ्यासक नव्हते. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५-१६ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतले सॉलोमन प्लाट्ये लंडनमध्ये होते. प्लाट्ये हे पत्रकार आणि राजकीय पुढारी. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने प्रसिद्ध झालेल्या पक्षाचे ते १९१२ पासून पहिले सरचिटणीस. काळ्या लोकांना जमिनीपासून वंचित करणाऱ्या १९१३ च्या कायद्याविरुद्ध दाद मागायला ते शिष्टमंडळाबरोबर लंडनला आले होते. सरकारने दाद दिली नाही. परंतु युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या या तरुण व्याख्यात्याने त्यांना आपल्या अभ्यासिकेत बोलावले. प्लाट्ये आपली सेत्स्वाना भाषा बोलत आणि जोन्स एकेक स्वर, एकेक चढउतार टिपून घेत. शब्दातला सूर वर-खाली झाला की अर्थ बदलतो, हे त्या भाषेचे वैशिष्ट्य त्यांनी बारकाईने नोंदवले. दोघांच्या नावाने सेत्स्वाना वाचनमाला १९१६ साली प्रसिद्ध झाली. साम्राज्याच्या राजधानीतला विद्वान एका आफ्रिकी माणसासमोर विद्यार्थी होऊन बसला होता, हे मला फार मोलाचे वाटते. १९१९ साली एच. एस. पेरेरा यांच्यासमवेत त्यांनी सिंहली भाषेचीही अशीच वाचनमाला काढली.

या अभ्यासातून जोन्स यांच्या मनात एक विचार पक्का होत गेला. तो म्हणजे स्वनिमाचा. कोणत्याही भाषेत ध्वनी असंख्य असतात, पण अर्थ बदलणारे ध्वनी थोडे असतात. एका भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलतो, तो फरक दुसऱ्या भाषेच्या कानाला जाणवतही नाही. ही कल्पना मूळची रशिया-पोलंडकडच्या पंडितांची. परंतु इंग्लंडात ती रुजवण्याचे श्रेय जोन्स यांचेच. १९५० साली त्यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो तेव्हा त्या लांबीच्या एककाला नाव असावे म्हणून १९४४ मध्ये त्यांनी ‘क्रोनीम’ अशी संज्ञाही घडवली.

आता हा विचार आपल्या मराठीला लावून पाहू, म्हणजे आपली मुले ‘मिल’ आणि ‘मील’ यांत का गोंधळतात ते उमगेल. मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांचे आखूड-लांबपण बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरते. ‘फूल’ म्हणताना ऊ लांब असतो; त्यालाच ‘राणी’ जोडली की ‘फुलराणी’ होते आणि ऊ आखूड होतो. ‘मूल’चे ‘मुलाला’, ‘वीट’चे ‘विटेला’, ‘मीठ’चे ‘मिठाचा’. शब्दाच्या शेवटी तर इ आणि उ दीर्घच उच्चारले जातात. म्हणून तर संस्कृतातले ‘कवि’ आणि ‘गुरु’ हे शब्द साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ‘कवी’ आणि ‘गुरू’ झाले. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हा भेद आपण वहीत पाळतो. पण बोलताना दोहोंचा उच्चार सहसा सारखाच होतो आणि अर्थ संदर्भावरून कळतो. थोडक्यात, मराठीत ऱ्हस्व-दीर्घ हा प्रामुख्याने हाताचा विषय आहे, कानाचा नाही. शुद्धलेखनात त्यासाठी मार खाल्लेली पिढीही तो भेद डोळ्यांनीच ओळखते.

याची एक गंमत पाहा. नाटक-सिनेमाच्या जाहिरातीत ‘हाऊसफुल्ल’ असे दोन ल घालून छापण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. वास्तविक इंग्रजी उच्चारात ल एकच आहे. पण एकच ल लिहिला की मराठी जीभ तो उ लांबवते आणि ‘फूल’ म्हणते. पुढे जोडाक्षर आले की मागचा स्वर आपोआप आखूड राहतो. ज्या कोणी पहिल्यांदा तो दुसरा ल घातला, त्याने ध्वनिविज्ञानाचे पुस्तक न वाचता मराठीचा नियम अचूक ओळखला होता!

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे किंवा रजा, हा फरक तुम्हाला ऐकू आला नाही तर त्यात बुद्धीचा दोष नाही. तुमच्या मातृभाषेने तो फरक ऐकण्याची गरज तुम्हाला कधी भासूच दिली नाही. इंग्रज माणूसही आपल्या ‘ताट’ आणि ‘टाट’ मध्ये असाच गोंधळतो. जोन्स यांच्या सर्व शिकवणीचा पाया हा आहे.

जोन्स यांचे नाव जगभर झाले ते मात्र १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश प्रोनाउन्सिंग डिक्शनरी’मुळे. या कोशात शब्दांचे अर्थ नाहीत. फक्त उच्चार आहेत. त्याआधी १९१३ साली हेर्मान मिखाएलिस यांच्याबरोबर त्यांनी असा एक कोश केला होता, पण त्यात आधी उच्चार आणि मग शब्द अशी उलटी मांडणी होती. नवा कोश शब्दावरून उच्चार देणारा, म्हणून सर्वांच्या सोयीचा ठरला. मी धुळ्याला शिकत असताना ग्रंथालयात हा कोश प्रथम हाती घेतला, तेव्हा अर्थ नसलेला शब्दकोश कोणाला कशाला लागत असेल, असे माझ्या मनात आले होते. पुढे कळले की ज्यांनी इंग्रजी केवळ छापील पानावर पाहिली आहे, त्या सर्वांना तो लागतो आणि अशी माणसे जगात इंग्रजांहून अधिक आहेत.

त्याच १९१७ साली त्यांच्या आणखी एका प्रयोगाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. तोंडात जिभेची जागा नेमकी कोठे असते हे दिसावे म्हणून त्यांनी जिभेवर धातूची बारीक साखळी ठेवून स्वतःची क्ष-किरण छायाचित्रे काढवून घेतली होती. या अभ्यासातून त्यांनी आठ ‘मानस्वर’ निश्चित केले. शेतजमीन मोजताना जसे खुणेचे दगड रोवतात, तसे हे आठ स्वर. कोणत्याही भाषेतला स्वर या खुणांपासून किती वर, किती खाली, किती पुढे आहे ते सांगता येते. हे स्वर त्यांनी स्वतःच्या आवाजात १९१७, १९४३ आणि १९५६ अशा तीन वेळा ध्वनिमुद्रितही केले.

आता या कोशातल्या एका बारकाव्याकडे वळतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचे स्वर दाखवताना जोन्स यांनी अक्षर एकच वापरले. दीर्घ असेल तेथे त्या अक्षरापुढे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे दिली, एवढाच फरक. ‘फुल’ आणि ‘फूल’ या इंग्रजी शब्दांचेही तसेच. कमी चिन्हांत काम व्हावे हा त्यांचा हेतू होता आणि छपाईलाही ते सोयीचे होते. या दोन स्वरांत जिभेची जागाही वेगळी असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९१८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ॲन आउटलाइन ऑफ इंग्लिश फोनेटिक्स’ या ग्रंथात त्यांनी ते तपशीलवार सांगितलेही आहे. परंतु कोश उघडणारा माणूस ग्रंथ उघडतोच असे नाही. दोन टिंबे पाहून अनेकांचा समज असा झाला की स्वर तोच आहे, फक्त जरा लांबवायचा. इ-ई या अक्षरांची सवय असलेल्या आपल्या लोकांना तर ते आणखीच पटले.

वस्तुस्थिती अशी आहे की इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावरही अवलंबून असते. ‘बीट’ म्हणजे मारणे, ‘बीड’ म्हणजे मणी, ‘बिट’ म्हणजे तुकडा आणि ‘बिड’ म्हणजे लिलावातली बोली. शाळेत शिकलेली कठोर आणि मृदू व्यंजने येथे कामी येतात. पुढे ट, प, क असे कठोर व्यंजन आले की आधीचा स्वर आखडतो. ड, ब, ग असे मृदू आले की पसरतो. परिणामी ‘बीट’ मधला दीर्घ म्हणवला जाणारा स्वर आणि ‘बिड’ मधला ऱ्हस्व म्हणवला जाणारा स्वर घड्याळाच्या हिशोबाने जवळजवळ सारखेच भरतात. मग इंग्रज माणूस ते वेगळे ओळखतो कशावरून? स्वराच्या जातीवरून. ‘शीप’ म्हणताना जीभ उंच आणि पुढे असते, ओठ ताणलेले असतात. ‘शिप’ म्हणताना जीभ थोडी खाली आणि मागे येते, सारे सैल असते आणि स्वर किंचित ‘ए’कडे झुकतो. ‘फूल’ म्हणताना ओठ घट्ट गोल. ‘फुल’ म्हणताना गोलाई ढिली.

हे समजायला आपल्याच परंपरेत एक उत्तम दाखला आहे. आपल्या प्राचीन व्याकरणकारांनी स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे मात्रांवरून भाग पाडले, हे सर्वांना माहीत असते. पण ऱ्हस्व अ हा उच्चारात संवृत, म्हणजे मिटलेल्या तोंडाचा, आणि दीर्घ आ हा विवृत, म्हणजे उघड्या तोंडाचा, हा भेदही पाणिनीने जाणला होता आणि अष्टाध्यायीचे शेवटचे सूत्र त्यासाठी खर्ची घातले. ‘मन’ आणि ‘मान’ यांत कोणताही मराठी माणूस गोंधळत नाही. ‘मन’ कितीही लांबवून म्हटले तरी त्याचे ‘मान’ होत नाही, कारण अ आणि आ हे मुळातच वेगळे स्वर आहेत. इंग्रजी ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचे नाते आपल्या इ-ई सारखे मानू नका. आपल्या अ-आ सारखे माना. माझ्या अनुभवाने, एवढे एक वाक्य पटले की निम्मी अडचण सुटते.

जोन्स यांच्या चिन्हांतली ही उणीव दूर झाली ती त्यांच्याच शिष्याच्या हातून. ए. सी. गिमसन यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात दोन्ही स्वरांना वेगळी अक्षरे दिली आणि दीर्घाची दोन टिंबेही ठेवली. जोन्स यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९७७ साली, कोशाची चौदावी आवृत्ती गिमसन यांनी याच पद्धतीने काढली. आज आपण वापरतो त्या बहुतेक ब्रिटिश शब्दकोशांत हीच चिन्हे दिसतात. गुरूची इमारत न पाडता शिष्याने तिला हवी ती खिडकी पाडली, असे म्हणता येईल.

जोन्स यांच्या कार्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. त्यांच्या कोशात उच्चार कोणाचे होते? दक्षिण इंग्लंडातल्या, निवासी शाळांत मुले पाठवणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांचे. पहिल्या आवृत्तीत त्यांनी त्यास पब्लिक स्कूलचा उच्चार असेच नाव दिले होते; १९२६ मध्ये ते बदलून ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ असे केले. आपण फक्त नोंद करतो, सर्वांनी असेच बोलावे असे आपले म्हणणे नाही, हे जोन्स पुन्हा पुन्हा सांगत. पण कोश एकदा छापला की तो कायदा होऊन बसतो. १९२६ साली ब्रिटिश नभोवाणीने निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली, तिच्यात जोन्स होते. बर्नार्ड शॉही होते. शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातला उच्चारपंडित हिगिन्स हा मुख्यतः हेन्री स्वीट यांच्यावरून घेतला असे मानतात. त्यात जोन्स यांचाही अंश असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत आपल्याकडेही कशी आहे, ते साऱ्या महाराष्ट्राला हसत हसत दाखवले.

ते हसू आपल्या खानदेशाला अधिक झोंबते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुण्यात हसतात. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या लेवा घरातल्या मुलीला शाळेतच टोकतात. त्याच बोलीतून बहिणाबाई चौधरींनी कविता रचली आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, हे आपण विसरतो. जोन्स यांच्या दृष्टीने पाहिले तर ‘डोया’ ही चूक ठरत नाही, नोंदवून घेण्याजोगा नियम ठरतो. धुळ्यातच १९२६ साली देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीही मराठीची रूपे याच उत्सुकतेने गोळा केली होती. इंग्रजी उच्चार शिकायचा तो आपली बोली पुसण्यासाठी नव्हे. समोरच्याला आपले म्हणणे पहिल्या खेपेस कळावे, एवढ्यासाठी तो शिकायचा.

जोन्स यांना लिपीसुधारणेचेही वेड होते. इंग्रजी स्पेलिंग सोपे व्हावे म्हणून झटणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. १९४२ साली त्यांनी भारताच्या राष्ट्रीय लिपीच्या प्रश्नावर एक पुस्तिका लिहून रोमन अक्षरांचा पुरस्कार केला. हे मत आपल्याला रुचले नाही आणि रुचणारही नाही. परंतु देवनागरीचा अभिमान बाळगताना तिच्या मर्यादाही ओळखाव्यात. इ-ई आणि उ-ऊ आपण वेगळे लिहू शकतो. ‘ऑ’चे मात्र ऱ्हस्व-दीर्घ आपल्याकडे नाही. ‘कॉट’ म्हणजे खाट आणि ‘कॉट’ म्हणजे पकडलेला, हे आपण एकसारखेच लिहितो. जोन्स यांच्या कोशात पहिल्याचा स्वर ऱ्हस्व आणि दुसऱ्याचा दीर्घ आहे. म्हणून इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहून पाठ करणे एका मर्यादेपर्यंतच चालते.

स्पेलिंगवरूनही थोडी मदत होते, पूर्ण नाही. दोन ई एकत्र आले की स्वर बहुधा दीर्घ असतो. पण दोन ओ आले की ‘मून’, ‘फूड’, ‘स्कूल’ यांत दीर्घ आणि ‘बुक’, ‘गुड’, ‘फुट’ यांत ऱ्हस्व. शिवाय प्राथमिक शाळेत आता ‘लाँग आय’ म्हणून जे शिकवतात, ते ‘बाइट’ मधला आय, म्हणजे अक्षराचे नाव. त्या लाँगचा आणि जोन्स यांच्या दीर्घ स्वराचा संबंध नाही, हे शिक्षकांनी मुलांना स्पष्ट सांगावे.

आपल्याकडे जोन्स यांची विद्या पोहोचली ती मुख्यतः १९५८ साली हैदराबादला स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशसारख्या संस्थांतून शिकून आलेल्या शिक्षकांमार्फत. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत आपली महाविद्यालये पुण्याला जोडलेली होती. त्या काळी खेड्यातल्या विद्यार्थ्याला इंग्रज माणसाचा आवाज ऐकायचा तर नभोवाणीशिवाय साधन नव्हते. आज खिशातल्या मोबाइलवर कोणताही शब्द उच्चारून दाखवला जातो. साधन आले, पण कान तयार करण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

निवृत्तीनंतरही जोन्स यांचे काम थांबले नाही. १९५० पासून अखेरपर्यंत ते आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघाचे अध्यक्ष होते. कोशाच्या आवृत्तीमागून आवृत्ती ते तपासत राहिले, लोकांचे उच्चार बदलत जातील तसे नोंदी बदलत राहिले. ४ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षात, लंडनजवळील जेरार्ड्स क्रॉस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा कोश केंब्रिजतर्फे आजही निघतो आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव असते.

शांत स्वभावाच्या या माणसाने ना राज्य जिंकले, ना कोणता क्रांतिकारी शोध लावला. त्यांनी साठ वर्षे केवळ ऐकले. इंग्रज सरदाराचे ऐकले तसेच सेत्स्वाना बोलणाऱ्या पत्रकाराचेही ऐकले. पुढच्या वर्षी आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की त्यांनी पहिल्या बाकावर बसावे, ‘मिल’ आणि ‘मील’ मोठ्याने म्हणावे आणि कोणी हसलेच तर त्यालाही तेच दोन शब्द म्हणून दाखवायला सांगावे. बहुधा तोही आपल्यासारखाच ‘मील, मील’ म्हणेल. मग दोघांनी मिळून कान लावावा.